फिरत्या चकतीवर चालताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बागेत मुलांसाठी जमिनीलगत फिरणारी लोखंडी चकती असते. मुलं तिच्यावर बसतात, दांडा धरतात आणि कुणीतरी बाहेरून जोर लावतं. बसून मिळते ती मजा वेगळी, पण या चकतीवरचं खरं भौतिकशास्त्र चालायला लागल्यावर कळतं. शाळेत अपकेंद्री बलाचं नाव सगळ्यांच्या कानावर पडतं. चालणाऱ्याला बाजूला रेटणारं बल मात्र भूगोलाच्या पुस्तकात वाऱ्यांच्या धड्यात अडकून पडलेलं असतं. खाली सगळीकडे एकच चकती धरली आहे: त्रिज्या २ मीटर, ६ सेकंदांत एक फेरी, वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरणारी. तिच्यावर ६० किलो वजनाचा माणूस आहे. बलं न्यूटनमध्ये न देता 'इतक्या किलोच्या वजनाएवढी' अशी दिली आहेत, म्हणजे अंदाज लगेच येतो.

चालायचं नाही, नुसतं कडेला उभं राहायचं. काय जाणवतं?

कुणीतरी बाहेरच्या बाजूला ओढतंय असं वाटतं. आपल्या चकतीच्या कडेला ही ओढ साडेतेरा किलोच्या वजनाएवढी असते. तोल राखायचा तर शरीर आत, केंद्राकडे, साधारण साडेबारा अंशांनी झुकवावं लागतं. बहुतेक जण ते न सांगता करतात. केंद्रापासून एकच मीटरवर उभे राहिलात तर ओढ निम्मी, आणि मधोमध शून्य.

फिरण्याचा वेग वाढवला तर ती वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि गडबड इथेच होते. फेरी ६ ऐवजी ३ सेकंदांत पूर्ण झाली की साडेतेराचे थेट ५४ किलो होतात. म्हणजे जवळजवळ स्वतःच्या वजनाएवढी आडवी ओढ! दांडा न धरता असं कुणी उभं राहू शकत नाही. 'जरा अजून जोरात' म्हणणाऱ्या मुलाला हा हिशोब ठाऊक नसतो.

पण अपकेंद्री बल खोटं असतं ना? सरांनी तसंच सांगितलं होतं.

चकतीशेजारच्या बाकावर बसून पाहणाऱ्याला तुमच्यावर आडवं बल एकच दिसतं: तुमच्या तळव्यांवर चकतीच्या पृष्ठभागाचं घर्षण, केंद्राच्या दिशेने. हेच अभिकेंद्री बल. ते तुम्हाला वर्तुळात वळवत ठेवतं. ते नसतं तर तुम्ही स्पर्शिकेच्या रेषेत सरळ निघून गेला असता. केंद्रातून बाहेर थेट फेकले जाता हा समज बाकावरून पाहिला तर टिकत नाही.

आता चकतीवरून पाहा. तुमच्या दृष्टीने तुम्ही जागच्या जागी आहात, तरी तळव्यांवर आत ओढणारं घर्षण आहे. मग हिशोब जुळायला बाहेर ओढणारं तेवढंच बल मानावं लागतं. तेच अपकेंद्री बल. ते कुठल्याही वस्तूने लावलेलं नसतं, म्हणून त्याची प्रतिक्रियाही दाखवता येत नाही. 'आभासी' या शब्दाचा अर्थ एवढाच. दोन्ही हिशोब बरोबर आहेत. अट एकच: अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा असं करायचं नाही.

'खोटं' म्हणून मुलांना गप्प बसवणं मला मुळीच पटत नाही. दांडा धरून बोटं दुखतात, बुटाचा तळ घासतो, मान ताठरते. हे सगळं खरं असतं. शरीराला जाणवतो तो तळव्यावरचा आणि दांड्यावरचा दाब, आणि तो दोघांच्याही हिशोबात तेवढाच येतो. ज्या मुलाला ओढ जाणवली त्याचं निरीक्षण अचूक आहे. त्याला फक्त 'तू कुठून पाहतोयस?' एवढं विचारायचं.

चालायला लागलं की बाजूला कोण ढकलतं?

मधोमध उभे राहा आणि कडेकडे सरळ चालायला लागा, सेकंदाला एक मीटर, म्हणजे अगदी सावकाश. पहिल्याच पावलाला उजवीकडे रेटलं जातं. हा रेटा सुमारे पावणेतेरा किलोच्या वजनाएवढा असतो, म्हणजे कडेला उभ्या माणसाला जाणवणाऱ्या ओढीच्या जवळपास बरोबरीचा. फरक असा की अपकेंद्री ओढ मध्यात शून्य असते आणि कडेला वाढते. हा रेटा मात्र मध्यात, कडेला, कुठेही तेवढाच असतो. तो तुमच्या चालण्याच्या वेगावर आणि चकतीच्या फिरण्यावर अवलंबून असतो, जागेवर नाही. थांबलात की तो नाहीसा! त्याचं नाव कोरिऑलिस बल.

चालताना पायांकडे नीट लक्ष द्या. शरीर सेकंदाला एक मीटरने पुढे जातं, पण हवेतला पाय त्याच्या दुपटीहून जास्त वेगाने पुढे येत असतो. म्हणून त्या पायावरचा रेटा त्याच्या वजनाच्या मानाने अधिक असतो. डावा पाय पुढे टाकायला जाता आणि तो उजव्या पायाच्या समोर, कधी त्याच्याही पलीकडे पडतो. उजवा पाय भलताच फाकतो. दोन-तीन पावलांत पायात पाय अडकायला लागतात. अपकेंद्री ओढीला शरीर झुकून उत्तर देतं. या आडव्या रेट्याला काय उत्तर द्यायचं हे मात्र त्याला ठाऊक नसतं, कारण जमिनीवर चालताना तो कधी भेटलेलाच नसतो.

रेटा डावीकडे की उजवीकडे, हे कसं ओळखायचं?

वरून पाहताना चकती घड्याळाच्या उलट फिरत असेल तर नेहमी उजवीकडे. घड्याळाच्या दिशेने फिरत असेल तर नेहमी डावीकडे. तुम्ही बाहेर जा, आत या, तिरपे चाला, नियम तोच. उजवी बाजू म्हणजे तुमचं तोंड ज्या दिशेला असेल त्याच्या उजवीकडे. म्हणून बाहेर जाताना रेटा चकतीच्या फिरण्याच्या विरुद्ध लागतो आणि आत येताना फिरण्याच्या दिशेने.

सूत्रात तो '२' कुठून येतो?

हा प्रश्न फार थोडे जण विचारतात, आणि मला तो सगळ्यांत आवडतो. कोरिऑलिस त्वरण म्हणजे दोन गुणिले चकतीचा कोनीय वेग (सेकंदाला ती किती कोनातून फिरते तो) गुणिले तुमचा चालण्याचा वेग. पुस्तकात ते गणिताने सिद्ध करून मोकळे होतात. चकतीवर मात्र दोन वेगवेगळी कारणं बोटाने दाखवता येतात.

केंद्रापासून एक मीटरवरून दोन मीटरकडे चालत आहात असं धरा. पहिलं कारण: 'बाहेरची दिशा' ही चकतीबरोबर वळत असते. तुम्ही चकतीवर आखलेल्या सरळ रेषेवरून चालत असाल, तर बाकावरून पाहणाऱ्याला तुमचा चालण्याचा वेग क्षणोक्षणी दिशा बदलताना दिसतो. वेगाची दिशा बदलायलाही बल लागतं. आपल्या चकतीवर त्यासाठी दर सेकंदाला १.०५ मीटर प्रति सेकंद एवढं त्वरण लागतं.

दुसरं कारण: एक मीटरवर चकतीचा पृष्ठभाग सेकंदाला १.०५ मीटर वेगाने सरकत असतो आणि दोन मीटरवर २.०९ मीटर वेगाने. हे अंतर तुम्ही एका सेकंदात कापता. म्हणजे त्या एका सेकंदात तुम्हाला १.०५ मीटर प्रति सेकंद एवढा जास्तीचा आडवा वेग मिळवावा लागतो, नाहीतर पायाखालची चकती पुढे निघून जाईल. पुन्हा तेवढंच त्वरण, आणि त्याच दिशेने.

दोन्हींची बेरीज २.१, म्हणजे १.०५ ची दुप्पट. म्हणून सूत्रात २. यातलं नुसतं दुसरं कारण सांगून थांबायची सवय फार पसरलेली आहे. तसं केलं की निम्मंच बल हाती लागतं आणि विद्यार्थी सूत्र पाठ करून सोडून देतो.

कडेकडेने, वर्तुळावरून चाललो तर?

हे नक्की करून पाहण्यासारखं आहे. दांड्याला एक हात ठेवा आणि काठाने फेरी मारा, एकदा चकती फिरते त्या दिशेने, एकदा उलट.

फिरण्याच्या दिशेने सेकंदाला एक मीटर चाललात, तर बाहेरची ओढ साडेतेरा किलोवरून सुमारे २९ किलोवर जाते. इथे कोरिऑलिस बल अपकेंद्री बलाच्याच बाजूला मिळतं, शिवाय तुमच्या स्वतःच्या वळणाचा वाटाही वाढतो. बुटाची पकड साधारण असेल तर इथे पाय घसरायला लागतो. लोखंडावर धूळ असेल तर त्याच्याही आधी.

उलट दिशेने तेवढ्याच वेगाने चाललात तर ओढ पावणेचार किलोवर येते. एकदम हलकं वाटतं. वेग आणखी वाढवून सेकंदाला २.०९ मीटर केला, म्हणजे भराभर चाललात, तर ओढ पूर्ण शून्य होते. का ते बाकावर बसलेल्याला विचारा. तो म्हणेल, 'तुम्ही तर माझ्यासमोर एकाच जागी आहात, पाय तेवढे हलतायत.' तुम्ही जमिनीच्या हिशोबाने स्थिर झालात, मग वळवणारं बल लागेलच कशाला?

आता हाच प्रसंग चकतीवरून पाहा. अपकेंद्री बल साडेतेरा किलो, बाहेर. कोरिऑलिस बल त्याच्या बरोबर दुप्पट, आत. उरलं साडेतेरा किलो, आत. आणि चकतीवरून पाहणाऱ्याला तुम्ही वर्तुळात धावताना दिसता, त्यासाठी लागणारं अभिकेंद्री बल नेमकं तेवढंच! कोरिऑलिस बल गाळून हा हिशोब कधीच जुळत नाही. त्या बलाची गरज कुणाला पटवायची असेल तर मी आधी हेच उदाहरण देतो.

चालल्याने चकतीच्या वेगावर काही परिणाम होतो का?

मोटारीवर चालणारी चकती असेल तर मोटार वेग राखते. बागेतली मोकळी फिरणारी चकती मात्र लगेच बदलते. तुम्ही आत चालता तेव्हा चकती तुम्हाला आडवं धरून ठेवते आणि तुम्ही तिला उलट बाजूने तेवढंच ढकलता. म्हणून ती वेग घेते. १५० किलोची एकसारखी चकती धरली, तर कडेचा माणूस मध्यात येईपर्यंत मिनिटाला १० फेऱ्यांच्या १८ होतात. बाहेर गेलात की पुन्हा १०.

वेग वाढला म्हणजे ऊर्जा वाढली. ती आली तुमच्या पायांतून. बाहेर ओढणाऱ्या बलाविरुद्ध आत चालणं हे चढण चढण्यासारखंच काम आहे. आपल्या उदाहरणात ते ६० किलोचा माणूस ४० सेंटिमीटर वर उचलण्याएवढं भरतं, म्हणजे जिन्याच्या दोन-अडीच पायऱ्या. मांड्यांना ते कळतं.

जागच्या जागी उडी मारली तर?

कडेला उभं राहून मारू नका. ३० सेंटिमीटर उंच उडीला हवेत अर्धा सेकंद जातो. त्या अर्ध्या सेकंदात घर्षण नाही, म्हणजे वळवणारं कुणी नाही. तुम्ही सरळ रेषेत एक मीटरच्या वर जाता आणि उतरता ते काठाच्या २५ सेंटिमीटर बाहेर. केंद्रापासून दीड मीटरवर उभे राहून मारली तरी १९ सेंटिमीटर बाहेर सरकता. अगदी मधोमध मारलीत तर मात्र तिथेच उतरता.

चेंडू फेकला तर तो वळतो की आपल्याला तसं वाटतं?

मध्यात उभे राहून कडेच्या मित्राकडे सेकंदाला ४ मीटर वेगाने चेंडू फेका. पोचायला अर्धा सेकंद लागेल. तेवढ्यात चकती ३० अंश फिरलेली असते आणि मित्र मीटरभर पुढे सरकलेला असतो. दोघांनाही चेंडू त्याच्या जाण्याच्या दिशेच्या उजवीकडे वळून हुकलेला दिसतो. जमिनीवरच्या माणसाला तो सरळच गेलेला दिसतो. चेंडूला बाजूने काहीच लागत नाही. तुम्ही चालता तेव्हा मात्र चकती तुम्हाला खरोखर ढकलते, कारण तुम्ही तिच्यावरची रेष सोडायला तयार नसता. चेंडू आणि चालणारा यांच्यात हा फरक आहे.

चकती सुरू होताना आणि थांबताना मागे-पुढे धक्का बसतो, तो यातला कोणता?

दोन्हींपैकी नाही, तो तिसरा. फिरण्याचा वेग बदलत असेल तेव्हाच तो लागतो. ऑयलर या गणितज्ञाच्या नावाने तो ओळखतात. चकतीला जोर लावला की मागे, थांबवली की पुढे. एकसारख्या वेगाला तो शून्य असतो.

डोकं वळवलं की मळमळतं, ते कशामुळे?

आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, एकमेकींना साधारण काटकोनात. त्यांतला द्रव डोकं फिरायला लागलं की मागे राहतो आणि मेंदूला फिरण्याची खबर देतो. एकसारखं फिरत राहिलं की द्रवही बरोबर फिरायला लागतो. डोळे मिटले असतील तर अर्ध्या-एक मिनिटात फिरण्याची जाणीव ओसरते. थांबलात की उलटं फिरल्यासारखं वाटतं.

एकसारखं फिरत असतानाच डोकं खांद्याकडे कलवलं, की फिरण्याच्या पातळीतली नलिका तिच्यातून बाहेर पडते आणि दुसरी आत येते. पहिली सांगते 'थांबलो', दुसरी सांगते 'सुरू झालो', आणि मेंदूला तिसऱ्याच अक्षाभोवती कोलांटी मारल्यासारखं वाटतं. डोळे मात्र तसं काही सांगत नाहीत. मळमळ या भांडणातून येते. म्हणून चकतीवर खाली वाकून पायांकडे पाहू नका. मान स्थिर ठेवा आणि नजर चकतीवरच्याच एखाद्या वस्तूवर ठेवा.

सरावाने याची सवय होते का?

होते, आणि कशी होते ते वाचून मी थक्क झालो होतो. अमेरिकेत फ्लोरिडातल्या पेन्सकोला इथे नौदलाच्या प्रयोगशाळेत ॲश्टन ग्रेबिएल यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस एक फिरती खोली उभारली. खोली सावकाश फिरायची आणि स्वयंसेवक आतच राहायचे, जेवायचे, झोपायचे, असं कित्येक दिवस. मिनिटाला एखाद-दुसऱ्या फेरीला फारसा त्रास नव्हता. १० फेऱ्यांना मात्र चांगलाच होता.

पुढे ब्रँडाइस विद्यापीठात जेम्स लॅकनर आणि पॉल डिझिओ यांनी मिनिटाला १० फेऱ्या घेणाऱ्या बंद खोलीत माणसाला मधोमध बसवलं. तिथे अपकेंद्री बल जवळजवळ नसतं. हात पुढे करून समोरच्या खुणेला बोट लावायचं एवढंच काम. पहिल्या प्रयत्नात बोट बाजूला गेलं, कारण पुढे जाणाऱ्या हातावर कोरिऑलिस बल होतं. अंधारात, स्वतःचा हात न दिसताही, चाळीसएक वेळा करून होईपर्यंत हात पुन्हा सरळ आणि नेमका जायला लागला. खोली थांबवली की बोट उलट्या बाजूला चुकलं! १९९४ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. सवय झालेल्यांना बाजूचा रेटा जाणवेनासाही होतो. बल तेवढंच असतं, मेंदू ते आधीच हिशोबात धरून स्नायूंना हुकूम देतो. चकतीवर रोज खेळणारी मुलं न धडपडता चालतात, तेही याच जातीचं शिक्षण असावं असं मला वाटतं.

हे कोरिऑलिस कोण?

गास्पार-गुस्ताव्ह द कोरिऑलिस, फ्रेंच अभियंता आणि गणिती, १७९२ ते १८४३. १८३५ च्या निबंधात त्यांनी फिरत्या यंत्रांच्या भागांची गती तपासली. पाणचक्कीसारख्या यंत्रांत ऊर्जा कुठे जाते, हा त्यांचा विषय होता. वाऱ्यांचा त्यात उल्लेखही नाही. वारे आणि समुद्रप्रवाहांचा हिशोब पुढे १८५० च्या दशकात अमेरिकेच्या विल्यम फेरेल यांनी मांडला. आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांत कोरिऑलिस यांचंही नाव आहे.

पृथ्वीही फिरतेच. मग रस्त्यावर चालताना रेटा का जाणवत नाही?

आपली चकती पृथ्वीपेक्षा सुमारे १४,४०० पट भरभर फिरते. शिवाय पृथ्वीच्या बाबतीत अक्षांशाचाही वाटा येतो. पुण्यात सेकंदाला एक मीटर चालणाऱ्या ६० किलोच्या माणसाला उजवीकडे पाव ग्रॅमच्या आसपास रेटा लागतो. तो जाणवणं शक्य नाही.

वाऱ्याची गोष्ट निराळी, कारण तो दिवसेंदिवस आणि हजारो किलोमीटर चालत असतो. दक्षिण गोलार्धातून येणारे आग्नेय वारे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडतात, उत्तरेला आल्यावर उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्य मोसमी वारे होऊन कोकणात शिरतात, सह्याद्रीला धडकतात. आपला पाऊस या वळणाने येतो. ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलेलं निसर्ग चक्रीवादळ घड्याळाच्या उलट फिरत होतं, तेही याच बलामुळे. कमी दाबाकडे धावणारी हवा उजवीकडे ढकलली जाते आणि केंद्राभोवती तशी फिरायला लागते.

डोळ्यांनी पाहायचं असेल तर फूकोचा लंबक पाहा. १८५१ साली लेऑन फूको यांनी पॅरिसच्या पँथिऑनमध्ये ६७ मीटर लांब तारेला २८ किलोचा गोळा टांगला आणि लंबकाचं डोलण्याचं प्रतल हळूहळू वळताना लोकांना दाखवलं. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत असा लंबक आहे. पुण्याच्या अक्षांशावर प्रतलाच्या पूर्ण फेरीला सुमारे ७५ तास लागतात. दिल्लीत नव्या संसद भवनातही आहे, तिथे सुमारे ५० तास. उत्तरेला जाल तसा वेळ कमी होतो आणि ध्रुवावर तो एका दिवसावर येतो.

बेसिनमधलं पाणीही यामुळेच एका बाजूने फिरतं का?

नाही. बेसिनचा आकार, नळ कसा सोडला, पाणी आधी कुठे हललं होतं, यांचा परिणाम कितीतरी जास्त असतो. १९६२ साली एमआयटीच्या अ‍ॅशर शपिरो यांनी पावणेदोन मीटरहून थोड्या रुंद टाकीतलं पाणी दिवसभर शांत ठेवून, अलगद सोडून, पृथ्वीचा परिणाम पाहिला होता. घरच्या बेसिनचं तसं काही नसतं.

अंतराळयान फिरवून गुरुत्वाकर्षण तयार करता येईल का? मग तिथे चालणं कसं असेल?

करता येईल. त्यात अडचण हीच, चालण्याची. मिनिटाला १० फेऱ्या ठेवल्या तर पृथ्वीएवढं वजन मिळायला फक्त ९ मीटर त्रिज्या पुरते. पण शिडीवरून सेकंदाला एक मीटर वेगाने वर चढताना वजनाच्या एक पंचमांशाहून जास्त रेटा बाजूने लागेल, डोकं वळवलं की मळमळ होईल, आणि फिरण्याच्या दिशेने चालताना जड व उलट चालताना हलकं वाटेल. फेऱ्या मिनिटाला २ वर आणल्या तर रेटा वजनाच्या जेमतेम ४ टक्क्यांवर येतो, पण त्रिज्या सव्वादोनशे मीटर लागते! एवढं मोठं बांधायचं की माणसाला सवय लावायची, हा खरा प्रश्न आहे, आणि पेन्सकोला-ब्रँडाइसच्या फिरत्या खोल्यांचं महत्त्व त्यात आहे. सप्टेंबर १९६६ मध्ये जेमिनी ११ यान ३० मीटरच्या पट्ट्याने दुसऱ्या यानाला बांधून सावकाश फिरवलं होतं. तिथे मिळालेली ओढ नगण्य होती, सुट्ट्या वस्तू हळूच एका बाजूला सरकल्या एवढीच.

हे सगळं स्वतः मोजता येईल का?

मोबाईल पुरतो. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स नावाचं मोफत ॲप आहे. ते मोबाईलमधला त्वरणमापी आणि फिरण्याचा वेग मोजणारा जायरोस्कोप वापरतं. मोबाईल चकतीवर चिकटपट्टीने घट्ट लावा, केंद्रापासूनचं अंतर मोजून ठेवा, चकतीला जोर द्या आणि आपोआप थांबेपर्यंत नोंद चालू ठेवा. कोनीय वेगाचा वर्ग आडव्या अक्षावर आणि त्वरण उभ्या अक्षावर घेतलं की बिंदू एका सरळ रेषेत येतात, आणि रेषेचा चढ म्हणजे तुम्ही मोजलेलं अंतर. नववी-दहावीच्या मुलांकडून हे एका दुपारी होतं.

कोरिऑलिस मोजणं थोडं अवघड आहे, पण दाखवणं सोपं. चकतीवर केंद्रापासून कडेपर्यंत खडूची सरळ रेष आखा. एक मूल खडूची ओली पूड बुटाला लावून तिच्यावरून चालेल, दोन मोठी माणसं दोन्ही बाजूंनी हात धरतील. चकती अगदी सावकाश ठेवा, १० सेकंदांना एक फेरी. मग ठसे पाहा. जाताना रेषेच्या एका बाजूला, येताना दुसऱ्या बाजूला दिसतील. मुलाचं तोंड ज्या दिशेला त्याच्या उजवीकडे, दोन्ही वेळा. चकती उलटी फिरवली की ठसेही बाजू बदलतात.

मुलांना चकतीवर चालू द्यावं का?

द्यावं, पण बेताने. फेरीला ८ ते १० सेकंद, एका वेळी एकच मूल चालणारं, बाकीची बसलेली, एक हात कायम दांड्यावर, ओढणी आणि सुटी नाडी खोचलेली. बाहेरून जोर लावणारा मोठा माणूस असावा आणि त्याने मूल चालत असताना वेग वाढवू नये. मुलं आत गोळा झाली की चकती आपोआप भरभर फिरायला लागते, हे त्याला ठाऊक हवं. उतरायचं ते चकती पूर्ण थांबल्यावरच. चालत्या चकतीवरून पाय टाकला तर पाय जमिनीवर थांबतो आणि वरचं शरीर सेकंदाला दोन मीटर वेगाने स्पर्शिकेच्या दिशेने जातच राहतं. हात मोडतात ते बहुतेक असेच.